साधा एडिटर घेतला की लेखन सुटतं म्हणे!

शाईचा_डाग: काल इथे एकाने लिहिलं, "वर्ड बंद करा. नुसता मजकूर टाइप करायचा साधा एडिटर घ्या. काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर एवढंच ठेवा, रोज दोन हजार शब्द होतील. फॉन्ट निवडत बसणारे लेखकच नव्हेत." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. अहो, तीन महिने केलंय हे. पहिले पंधरा दिवस 'साधा' एडिटर शोधण्यात गेले, पुढचे आठ पार्श्वभूमी काळी की हिरवट या घोळात. लिहून काय झालं? एक परिच्छेद, तोही एडिटरच्या कौतुकाचा. मन बटणांमुळे भरकटत नाही, पुढचं वाक्य सुचत नाही म्हणून भरकटतं.

कागदी_वाघ: तो प्रतिसाद माझाच. तुम्हाला सुचत नाही त्याला एडिटर काय करणार? 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन डॉसच्या जुन्या संगणकावर, वर्डस्टार ४.० या जुनाट लेखन-प्रोग्रॅममध्ये लिहितात, २०१४ साली टीव्हीवर स्वतः सांगितलंय. लाल रेघा नाहीत, आपोआप दुरुस्ती नाही.

तिरकस: त्यांच्या पुस्तकमालिकेचा पाचवा भाग २०११ ला आला. सहाव्याची वाट बघून वाचकांचे केस पिकले. उदाहरण जरा जपून!

आचारी: हे सगळे इंग्रजीवाल्यांचे चोचले. त्या काळ्या टर्मिनलात, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, मराठी लिहून बघितलंय का? एका अक्षराला एक चौकोन, असा त्याचा हिशोब. वेलांटी एकीकडे, रफार भलतीकडे. माझ्याकडे 'आचाऱ्यांना' मधला ऱ्य फुटला, पायमोडका ऱ आणि य वेगळे झाले. सावरायला ऱ चा र केला तर झालं 'आचार्यांना'. एका टिंबात स्वयंपाक्याचे गुरुजी!

कागदी_वाघ: टर्मिनल कोण म्हणालं? नोटपॅड घ्या की. जोडाक्षरं नीट येतात.

शाईचा_डाग: 'काळा पडदा' कोण म्हणालं मग?

जुना_गडी: जोडाक्षरांचं निघालंच आहे तर ऐका. माझं दहा वर्षांचं लेखन जुन्या फॉन्टात होतं, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. नव्या संगणकावर फॉन्ट नव्हता. आईच्या आजारपणातली डायरी उघडली, तर नुसते कंस, डॉलर आणि एबीसीडी. कन्व्हर्टरने बरंच परत आणलं, पण काही पानं अजून लागत नाहीत. युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली, साधी टेक्स्ट फाइल असती तर ही वेळ आली नसती.

आचारी: युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. जुना फॉन्ट कवटाळायला कुणी सांगितलं होतं?

जुना_गडी: छापणाऱ्याने! युनिकोड फाइल दिली की परत पाठवायचा. तेव्हा कुठल्या संगणकावर नीट चालायचं ते? एका ऱ्य वरून रडणाऱ्याने मला शिकवू नये.

आचारी: रडणं नाही, शुद्धलेखन आहे ते. बाकी डायरीचं वाईट वाटलं, हे खरं.

तिरकस: मूळ प्रश्न काय होता हो?

कागदी_वाघ: आता एवढं झालंच आहे तर सांगतो. माझे दोन हजार शब्द होतात तेव्हा राऊटर बंद असतो आणि फोन दुसऱ्या खोलीत. एकदा तसंच करून वर्डमध्येही लिहिलं. झाले.

शाईचा_डाग: अस्सं! मग काल आम्हाला लेखकांतून कशाला हाकललंत? असो. जुना_गडींचं वाचून माझं सगळं आजच टेक्स्ट फाइलींत उतरवायला घेतलंय. लिहिणार वर्डमध्येच. वाघोबा, हुरळू नका.

कागदी_वाघ: हुरळत नाही. आज शब्द किती झाले?

शाईचा_डाग: हा धागा धरून की सोडून?