ऊर्जेची 'उतरंड' चालेल का?

मुक्ता: सौरवाऱ्यावरचा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतावरचा लेख मराठीत करतेय, एका शब्दावर तीन दिवस अडकलेय. त्यातले मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान, आणि शेवटी ती ऊर्जा उष्णता होऊन कणांत जिरते. सूर्यापासून दूर जाताना सौरवारा अपेक्षेइतका गार पडत नाही, तो बराचसा यामुळेच. याला इंग्रजीत कॅस्केड. मी 'ऊर्जेची उतरंड' लिहिलं, संपादकांनी खोडून 'ऊर्जासोपान' केलं.

रानवारा: सोपान आमच्या काकांचं नाव आहे. सरळ धबधबा म्हणा की!

मुक्ता: धबधब्यात उंची कमी होते. इथे आकार कमी होतो.

गोदाकाठ: उतरंड साफ चूक. आजीच्या माजघरात होती, तळाला जोंधळ्याचा रांजण, त्यावर डाळीचं मडकं, असं करत अगदी वर मेथ्यांचं बोळकं. मोठं खाली, लहान वर. तुमची ऊर्जा मोठ्याकडून लहानाकडे जाते, म्हणजे ती उतरंड चढते!

रानवारा: उतर + हंडी = उतरंड. वरून एकेक उतरवायची, म्हणून.

गोदाकाठ: ही व्युत्पत्ती घरीच पाडलेली दिसतेय.

पाटीलबुवा: उतरंड म्हटलं की मला आधी जातीची आठवते. कॅस्केडच ठेवा. टेबल, बस चालतात, मग यालाच सोवळं कशाला?

तारांगण: शब्दाआधी भोवरे बघा. कोणत्या आकाराच्या भोवऱ्यात किती ऊर्जा हे सांगणारा, रशियन गणिती कोल्मोगोरोव्हचा 1941 चा उणे 5/3 घाताचा नियम साध्या प्रवाहांचा. चुंबकीय क्षेत्र आलं की समोरासमोरून येणारे आल्फ्वेन तरंग (क्षेत्ररेषांवरून तारेच्या कंपनासारखे धावणारे) एकमेकांना भिडतात, तेव्हा ऊर्जा पुढे सरकते. इरोश्निकोव्ह (1963) आणि क्रेकनन (1965) यांच्या हिशेबात हा घात उणे 3/2 आला. गोल्डराईख आणि श्रीधर यांनी 1995 मध्ये दाखवलं की हे भोवरे क्षेत्ररेषेच्या दिशेने ताणले जातात, जितके बारीक तितके लांबट. शेवयाच म्हणा. शिवाय चुंबकीय पीळ, म्हणजे क्षेत्ररेषा एकमेकींत किती गुंतल्यात ते, उलटा, लहानाकडून मोठ्याकडे जातो.

गोदाकाठ: म्हणजे पीळ बोळक्यातून रांजणाकडे! मग उतरंड फक्त पिळालाच शोभते.

मुक्ता: आणि उरलेल्या ऊर्जेला काय म्हणू?

रानवारा: भोवऱ्यावरून आठवलं, आमच्या धाकट्याच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. दोन लग्नं होणार म्हणतात, खरं का?

पाटीलबुवा: आमच्याकडे भवरा म्हणतात. मलाही दोन आहेत. एकच लग्न झालं, तेही उशिरा.

मुक्ता: लेख उद्या द्यायचाय हो.