‘निर्दोष सुटला’, ‘आळ आला’, ‘मार खाल्ला’ : खेळाडूवरच्या आरोपांबद्दल बोलताना

मूळ प्रश्न

जर्मन टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्हची मॅच बघताना आमच्यात वाजलं. मी म्हटलं, याच्यावर पूर्वीच्या जोडीदाराला मारहाण केल्याची केस होती. मित्र म्हणाला, “अरे, त्यातून तो निर्दोष सुटला की!” त्यावर एक मैत्रीण उसळली, “निर्दोष कसला? दंड भरून मोकळा झाला. म्हणजे दोषीच ना?” पुढचे दोन सेट कोणी पाहिलेच नाहीत. घरी आल्यावर वाटलं, काय घडलं ते दोघांनाही साधारण माहीत होतं, फक्त त्याला लावायला नेमका शब्द दोघांकडेही नव्हता. मराठीत याला काय म्हणायचं?

प्रतिसाद १

आधी घटना सरळ लिहून काढू, म्हणजे शब्द निवडता येतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनच्या कोर्टाने त्याच्याविरुद्ध ४,५०,००० युरोंचा दंडादेश काढला. जर्मनीत असा आदेश उघड सुनावणी न घेता, कागदपत्रांवरून काढता येतो. आरोपीने हरकत घेतली की मग खटला चालतो. आरोप तो सुरुवातीपासून नाकारत होता, त्यामुळे त्याने हरकत घेतली. ३१ मे २०२४ ला सुनावणी सुरू झाली आणि ७ जूनला, म्हणजे तो फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी खेळला त्याच दिवशी, तडजोड होऊन खटला थांबवण्यात आला. त्याने २,००,००० युरो द्यायचे ठरले. त्यातले दीड लाख सरकारी तिजोरीत, ५० हजार धर्मादाय कामासाठी. यात अपराध शाबीत झालेला नाही, हे कोर्टाने स्पष्ट केलं.

म्हणजे तुमच्या मैत्रिणीचा ‘दंड’ चुकला. दंड ही शिक्षा असते आणि शिक्षेआधी दोष ठरावा लागतो. इथे खटला थांबवण्याची अट म्हणून रक्कम भरली गेली. पण मित्राचा ‘निर्दोष सुटला’ही तितकाच चुकला. कोर्ट पुरावा ऐकतं, तोलतं आणि मग निकाल देतं, तेव्हा ‘निर्दोष मुक्तता’ होते. इथे तोलण्याचं काम अर्ध्यावर थांबलं. मी म्हणेन, “खटला तडजोडीने थांबला, दोष ठरला नाही.” वाक्य लांब झालं खरं, पण जे झालं तेच सांगतं.

चाहत्यांच्या बोलण्यात दोनच कप्पे असतात, दोषी आणि निर्दोष. तक्रारच मागे घेतली गेली, सरकारी पक्षाने खटला भरलाच नाही, साक्षीला कोणी आलं नाही, संशयाचा फायदा मिळाला, या सगळ्यांसाठी आपण ‘सुटला’ म्हणतो. ‘सुटला’ म्हणताना सुस्काराही ऐकू येतो. सापळ्यातून सुटतात, तापातून सुटतात. हा शब्द वापरणारा नकळत आरोपीच्या शेजारी उभा असतो.

आणि ‘क्लीन चिट’बद्दल. याच खेळाडूवर आधी आणखी एका माजी जोडीदाराने आरोप केले होते. त्याची चौकशी एटीपीने, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या संघटनेने, केली आणि जानेवारी २०२३ मध्ये, पुरेसा पुरावा मिळाला नाही, म्हणून कारवाई करत नाही, असं जाहीर केलं. याला लगेच क्लीन चिट म्हटलं गेलं. पुरेसा पुरावा न मिळणं म्हणजे पाटी कोरी असल्याचं प्रमाणपत्र नव्हे. ‘पुराव्याअभावी कारवाई नाही’ असं नेटकं मराठी आपल्याकडे आहे, तेच वापरावं.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याशी सहमत. पण मला खटल्याच्या शेवटापेक्षा सुरुवात जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्याच वाक्यात कोणता शब्द पडतो, तिथे निम्मं काम होऊन जातं.

‘आरोप’ हा मुळात निःपक्षपाती शब्द आहे. वृक्षारोपणातला ‘आरोपण’ तोच. वर ठेवणं, रोवणं. कोणीतरी कोणावर काहीतरी ठेवलं, एवढंच तो सांगतो. खरं की खोटं यावर तो गप्प असतो. पण बोलताना हाच शब्द किती जणांच्या तोंडी येतो? आवडत्या खेळाडूबद्दल म्हटलं जातं, “त्याच्यावर आळ आला.” आळ म्हणजे न केलेल्याचा ठपका. हे म्हणणाऱ्याने तक्रार वाचण्याआधीच तिला खोटं ठरवलं. ‘बालंट आलं’ म्हणणाऱ्याने तर बिचारेपणही जोडून दिलं. आणि ‘कुभांड रचलं’ म्हणणाऱ्याने उलट त्या बाईवरच आरोप ठेवला. त्यालाही पुरावा लागतो, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

आता तोच चाहता प्रतिस्पर्धी संघातल्या खेळाडूबद्दल बोलतो तेव्हा ऐका. “त्याने बायकोला मारलं.” ना आरोप, ना कथित, थेट भूतकाळ. एकच अवस्था, फक्त तक्रार दाखल झालेली. एकासाठी ‘आळ’, दुसऱ्यासाठी ‘मारलं’. जर्सीचा रंग बदलला की नाम बदलतं, क्रियापद बदलतं. मी स्वतः हे केलं आहे, म्हणून इतक्या कळकळीने लिहिते आहे. आमच्या संघाच्या गोलंदाजावर तक्रार झाली तेव्हा मी ‘म्हणे’ लावलं होतं. “मारलं म्हणे.” त्या एका ‘म्हणे’ने मी त्या बाईचं अख्खं सांगणं उडवून लावलं होतं, हे मला कित्येक महिन्यांनी कळलं.

‘ठपका’ मात्र वेगळा. चौकशी समितीने ‘ठपका ठेवला’ म्हणजे कोणीतरी पाहिलं आणि मत दिलं. तो चौकशीनंतरच वापरावा.

प्रतिसाद ३

‘आळ’ नेहमी खोटाच असतो असं नाही हं. आमच्या आजीच्या बोलण्यात ‘आळ घेणे’ नुसतं दोष लावण्यासाठीही यायचं.

प्रतिसाद २ (पुन्हा)

आजीचं बोलणं खरंच असणार. पण आजच्या वाचकाच्या कानाला ‘आळ’मध्ये खोटेपणा ऐकू येतो, ‘खोटा आळ’ ही द्विरुक्ती वाटते. मी आजच्या कानासाठी बोलते आहे.

प्रतिसाद ४

माझा मुद्दा क्रियापदाचा आहे. ‘तिने मार खाल्ला’ हे वाक्य उलगडून बघा. कर्ता कोण? ती. क्रिया कोणाची? खाण्याची, म्हणजे तिचीच. मारणारा वाक्यात कुठेच नाही. ‘तिला मार बसला’मध्ये मारच कर्ता झाला, जणू आपण होऊन येऊन बसला. ‘मारहाण झाली’ म्हणजे पाऊस झाला, गर्दी झाली, तशी झाली. मराठीत मारणाऱ्याला वाक्याबाहेर ठेवायला किती दारं आहेत! ‘त्याने तिला मारल्याचा आरोप आहे’ या एका वाक्यात तिघंही जागेवर असतात. मारणारा, जिला लागलं ती, आणि अजून ठरलं नाही हेही.

‘हात उचलला’ तर सगळ्यात सोज्वळ. हात उचलला, पुढे काय? तो खाली कुठे आला, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

आणि एक गोष्ट जी खेळाबद्दल बोलताना सतत खटकते. आपली सामन्याची भाषाच मारहाणीची आहे. गोलंदाजाची धुलाई केली, झोडपून काढलं, बदडलं, चोपलं, त्याने मार खाल्ला. मैदानात ती कौतुकाची भाषा आहे, त्यात मला काही वावगं दिसत नाही. पण ज्याच्यावर घरात मारहाणीचा आरोप आहे, त्याच्या शतकानंतर कोणी “घरी काय, मैदानात काय, धुलाईच!” असं लिहितं आणि खाली हसणाऱ्यांची रांग लागते, तेव्हा तोच शब्द ज्या बाईने अंगावर सोसला ती हे वाचत असेल, ही शक्यता कोणालाच आठवत नाही. अशा वेळी मी ‘फटकेबाजी’ही लिहीत नाही. ‘शतक केलं’ लिहितो.

प्रतिसाद १ (पुन्हा)

यात ‘भांडण’, ‘वाद’, ‘दोघांचा मामला’ हेही घ्यायला हवेत. रे राइसचं प्रकरण आठवतं का? अमेरिकन फुटबॉलमधला बाल्टिमोर रेव्हन्सचा खेळाडू. फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये त्याने आपल्या होणाऱ्या बायकोला मारलं. आधी एवढंच चित्रीकरण बाहेर आलं की तो तिला शुद्ध हरपलेल्या अवस्थेत लिफ्टबाहेर ओढतो आहे. मे महिन्यात संघाने तर जाहीर केलं की त्या रात्रीच्या घटनेतल्या आपल्या वाट्याबद्दल तिला खेद वाटतो. जुलैमध्ये लीगने दोन सामन्यांची बंदी घातली. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतलं चित्रीकरण आलं, त्यात ठोसा स्पष्ट दिसला. त्याच दिवशी संघाने त्याला काढलं आणि लीगने बेमुदत निलंबित केलं, जे पुढे नोव्हेंबरमध्ये लवादाने रद्द ठरवलं.

घटना फेब्रुवारीत होती तीच सप्टेंबरमध्ये होती. मधल्या सात महिन्यांत ती ‘प्रसंग’ होती, ‘दोघांमधलं काहीतरी’ होती, आणि त्यात तिचाही वाटा होता. टाळी एका हाताने वाजत नाही, ही म्हण अशा वेळी हटकून येते. ही म्हण भांडणासाठी आहे. ठोशासाठी एक हात पुरतो. दोघांनी केलं तर भांडण, एकाने दुसऱ्याला केली ती मारहाण, आणि हे कोणत्या प्रकारात बसतं ते माहीत नसेल तर ‘तक्रार’ म्हणून थांबावं.

प्रतिसाद ५

‘कथित’ कुठे लावायचं तेही सांगा. मी ‘कथित पीडिता’ असं वाचलं आणि पोटात कालवलं.

प्रतिसाद २ (पुन्हा)

कृतीला लावावं, माणसाला नको. ‘कथित मारहाण’ चालेल, ती अजून शाबीत व्हायची आहे. ‘कथित पीडिता’ म्हटलं की ती बाईच शंकास्पद ठरते. तिच्यासाठी ‘तक्रारदार’ आहे. तो शब्द खरा आहे, तिने तक्रार केली यात शंका नाही. त्याच्यासाठी ‘आरोपी’, दोष ठरल्यावर ‘दोषी’. आणि मारहाण एवढंच म्हणजे हिंसाचार असंही नाही. आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ असे चारही प्रकार येतात. म्हणून “हात तर लावला नाही ना?” हा प्रश्नच अपुरा आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. मित्राला आणि मैत्रिणीला एकत्रच लिहिलं : “त्याच्यावर माजी जोडीदाराला मारहाण केल्याचा आरोप होता. तो त्याने नाकारला. २०२४ मध्ये तडजोडीने खटला थांबला, दोष ठरला नाही आणि निर्दोष मुक्तताही झाली नाही.” मित्राचं उत्तर आलं, “मग तू नक्की कोणाच्या बाजूने?” मैत्रिणीने विचारलं, “त्या बाईचं म्हणणं तू वाचलंस का?” नव्हतं वाचलं. आता वाचते आहे.