शब्दचर्चा : व्हर्सायच्या उमरावाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या, पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्यातील दरबारी जीवनावर मी एक लेख मराठीत लिहीत आहे. राजाच्या सहवासात राहणाऱ्या कुलीन पुरुषासाठी फ्रेंचमध्ये ‘कुर्तिझाँ’ हा शब्द आहे. त्यासाठी सरदार, उमराव, मानकरी, दरबारी यांपैकी कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद :
‘सरदार’ मी टाळीन. सरदार म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर स्वतःची फौज आणि सरंजाम बाळगणारा पुरुष उभा राहतो. फ्रोंदच्या बंडाळीत, म्हणजे १६४८ ते १६५३ या काळात, फ्रान्समधील बड्या घराण्यांनी राजसत्तेविरुद्ध शस्त्र उचलले होते. परंतु ६ मे १६८२ रोजी लुईने दरबार व्हर्सायला हलवल्यावर तशाच घराण्यांतील माणसे रोज सकाळी राजा उठण्याची वाट पाहत त्याच्या शयनगृहाबाहेर तिष्ठू लागली. ती लढाईवर जात, पण राजाच्या सैन्यातील अधिकारी म्हणून.

‘उमराव’ हे मूळ अरबीत ‘अमीर’चे अनेकवचन असले तरी मराठीत ते एकवचनी रुळले आहे आणि जन्माने आलेला दर्जा त्यातून नेमका कळतो. मात्र गावाकडच्या गढीत राहणारा, व्हर्साय कधीही न पाहिलेला गरीब कुलीनही उमरावच. दरबारात राहणे हा ज्याचा जीवनक्रम आहे, त्याला ‘दरबारी’ किंवा ‘दरबारी उमराव’ म्हणावे.

‘मानकरी’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो, पण तो जपून वापरावा लागेल. मराठेशाहीतील मानकऱ्याचा मान बहुधा वंशपरंपरेने चालत आलेला असे. व्हर्सायमध्येही असे मान होते. राणीसमोर बिनपाठीच्या स्टुलावर बसण्याचा डचेसचा हक्क हा त्यांतलाच. याउलट, रात्री राजा झोपायला जाताना शमादान हाती धरण्याचा मान कोणाला द्यायचा, हे राजा त्या त्या रात्री नाव घेऊन ठरवीत असे. दालनात उजेड भरपूर असे, तरीही त्या मेणबत्तीसाठी मोठमोठे ड्यूक झुरत. तेथे ‘मानकरी’ अपुरा पडतो, कारण हा मान हक्काचा नसून मर्जीचा होता.

प्रतिशंका :
राजाला सदरा देणे, शमादान धरणे ही कामे पाहता ‘हुजऱ्या’ का म्हणू नये?

प्रतिसाद :
त्याने अर्थ उलटा होईल. आपल्याकडे हुजऱ्या हा खालच्या पायरीवरचा सेवक असतो. व्हर्सायमध्ये सेवा जितकी राजाच्या अंगाजवळची, तितका ती करणारा मोठा. सकाळी राजाच्या हाती सदरा देण्याचा पहिला मान युवराजाचा असे, आणि तो नसल्यास राजघराण्यातील दुसऱ्या पुरुषाचा.

लेखात ‘मर्जी’ हा शब्द मोकळेपणाने वापरावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. किरकोळ व्यापार केल्यास कुलीनत्व गमवावे लागे, पोशाख, गाड्या आणि जुगार यांपायी कर्ज वाढत जाई, आणि त्यातून सोडवणारी पदे व निवृत्तिवेतने राजाच्याच हातात असत. म्हणून पॅरिसमधील प्रशस्त वाडा सोडून राजवाड्यातील दोन कोंदट खोल्यांच्या बिऱ्हाडासाठी उमराव धडपडत. एखादा दरबारात दिसेनासा झाला आणि कोणी त्याच्यासाठी रदबदली केली, तर ‘त्या माणसाला मी कधी पाहत नाही’ असे लुई म्हणे आणि विषय तेथेच संपे. याला मराठीत ‘खपामर्जी’ हा तयार शब्द आहे. ‘नापसंती’ किंवा ‘नाराजी’ने त्याची धार येत नाही.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. जन्माविषयी बोलताना ‘उमराव’, जीवनक्रमासाठी ‘दरबारी’ आणि स्टुलाच्या हक्कासारख्या ठिकाणीच ‘मानकरी’ असे मी योजतो. ‘राजाच्या पदरी असलेला’ हा प्रयोगही चालेल का?

प्रतिसाद :
पद किंवा वेतन मिळालेल्यांसाठी चालेल. वर्षानुवर्षे केवळ आशेवर दालनांत उभे राहणाऱ्यांसाठी मात्र नको, कारण राजाने त्यांना अजून पदरी घेतलेले नसे.