फायनलमध्ये ‘आपला’ म्हणून मत देणं अन् रंगावरून हसणं, दोन्ही एकच का?

रिचार्जवाली_दर्यापूर:

माह्यं गावात मोबाइल रिचार्ज अन् झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळं बिग बॉससारख्या रिॲलिटी शोचं मतदान मी टीव्हीपेक्षा काउंटरवरूनच जास्त पाह्यलं.

२०१९ मध्ये आपला अमरावतीचा शिव ठाकरे बिग बॉस मराठीच्या दुसऱ्या सीझनच्या फायनलले पोचला. तेव्हा पोट्टे घरातल्या एकेका नंबरवर ओटीपी मागवून मतं टाकत होते. आजीचा नंबर, मामाचा नंबर, वावरातल्या सालदाराचा नंबर. अर्ध्यांनी एक भाग धड पाह्यला नव्हता. अमरावतीचा पोरगा आहे, बस. १ सप्टेंबरले तो जिंकला अन् इथं फटाके फुटले. हा अन्याय आहे असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. मी पण नाही.

मंग फेब्रुवारी २०२३. हिंदी बिग बॉसचा सोळावा सीझन. शिव दुसरा आला अन् पुण्याचा एमसी स्टॅन जिंकला. तेच पोट्टे, तेच काउंटर: “काकू, फिक्स आहे सगळं. स्टॅनच्या फॅनलोकांनी खेळ न पाहताच मतं टाकली.” अबे, मंग तुम्ही काय केलं होतं?

आता खरा वाद. ६ ऑक्टोबर २०२४ ले मराठीचा पाचवा सीझन संपला, तेव्हा आमच्याकडं सोयाबीनची काढणी चालू होती. दिवसभर थ्रेशरवर राबून आलेली माणसं रात्री टीव्हीपुढं बसली. जिंकला सूरज चव्हाण, बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा. दुसरा आला अभिजीत सावंत, ज्यानं २००५ मध्ये पहिलं इंडियन आयडॉल जिंकलं होतं.

आमचे मामाजी तेव्हापासून एकच म्हणतेत: सूरजले दयेची मतं भेटली, तो खेळला कुठं? माह्यं पोरगं पुण्याले शिकते. त्याचं उलटं. सूरजच्या रंगावर, बोलण्यावर, वाचता येत नाही यावर लोकं जे हसले, ते रेसिझमच आहे, २००७ मध्ये लंडनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’ शोमध्ये शिल्पा शेट्टीले ती भारतीय म्हणून हिणवलं तसंच. अन् मतं हे त्याचं उत्तर होतं. दिवाळीले दोघं यावरून असे भांडले की चकल्या गार झाल्या. आता तो पुन्हा सुटीवर आला अन् पुन्हा तेच.

मले वाटते, दोघंही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरून राह्यले. आपल्या माणसाले मत देणं हा पक्षपात आहे, पण तो आपण निवडणुकीपासून क्रिकेटपर्यंत सगळीकडं करतो. एखाद्याच्या चेहऱ्यावर, बोलीवर हसणं हे वेगळं. अन् हसणाराच शेवटी मत देते तेव्हा ते हसणं माफ होते का? काउंटरवर मी असे पोट्टे पाह्यले आहेत, सूरजचं बोलणं चिडवत चिडवत त्यालेच मत टाकणारे.

तुमचं काय म्हणणं आहे?

तुरीवाला_अंजनगाव:

ताई, शिवले मी पण मत टाकलं होतं अन् पुन्हा टाकीन. मुंबईवाले मुंबईवाल्याले देतेत तेव्हा ते ‘टॅलेंट’ असते. आपण दिलं की भावकी. बाकी तुमच्या मामाजीले विचारा, ग्रामपंचायतीत मत कोणाले अन् काहून देतेत!

माजी_सैनिक_चिखली:

ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण या दोन गोष्टी एकमेकींच्या किती जवळ राहतात ते मी पाहिलेलं आहे. २००७ मध्ये माझी पोस्टिंग उत्तर बंगालमध्ये होती. त्या वर्षी इंडियन आयडॉलच्या तिसऱ्या सीझनच्या फायनलला दोन पोरं: दार्जिलिंगचा गोरखा प्रशांत तामांग, कोलकाता पोलिसातला शिपाई, आणि शिलाँगचा अमित पॉल. पहाडात तेव्हा वर्गणी काढून मतं टाकली गेली. गावंच्या गावं एसएमएस करत होती. तुमच्या काउंटरवर जे झालं तेच, फक्त शंभरपटीनं.

शिलाँगची गोष्ट तर त्याहून वेगळी. तिथं खासी, म्हणजे तिथले आदिवासी, आणि बाहेरून आलेले बंगाली यांच्यात जुनी तेढ, दंगली झालेल्या. अमित पॉल बंगाली. तरी खासी लोक त्याच्यासाठी रस्त्यावर उतरले. मेघालय सरकारनं त्याला शांतता आणि सलोख्याचा दूत केलं. म्हणजे ‘आपला’ कोण, हे एका गाण्याच्या कार्यक्रमानं काही महिन्यांपुरतं का होईना, बदललं. यालाही पक्षपातच म्हणणार का?

२३ सप्टेंबरला प्रशांत जिंकला. मग दिल्लीच्या एका रेडिओ जॉकीनं विनोद केला: गोरखे गायला लागले तर आता चौकीदारी कोण करणार? २८ तारखेला सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, त्याची दंगल झाली, संचारबंदी लागली आणि सैन्य बोलवावं लागलं. आमच्या युनिटमध्ये गोरखा जवान होते. त्यांच्यासोबत मेसमध्ये बसून मी त्या बातम्या ऐकल्या. एकानंही शिवी दिली नाही. जेवण अर्धं टाकून उठले.

आता शिल्पा शेट्टीचं प्रकरण बघा. तेही २००७ चंच, जानेवारीतलं. ब्रिटनमध्ये ४० हजारांवर तक्रारी गेल्या, इकडे पाटण्यात शोवाल्यांचे पुतळे जाळले, आणि २८ जानेवारीला ती ६३ टक्के मतांनी जिंकली. सगळा देश खूश. त्याच देशात आठ महिन्यांनी हा चौकीदाराचा विनोद, आणि पुष्कळांना तो विनोदच वाटला. तुमच्या मुलाला लंडन आठवतं, सिलिगुडी माहीत नाही. त्याचा दोष नाही, आपण सांगितलंच नाही.

मास्तरीण_धारणी:

सगळे फायनलबद्दल बोलत आहात. मेळघाटात बसून मला फायनलचं फार काही वाटत नाही, कारण गाळणी त्याच्या कितीतरी आधी लागते. २०२१ मध्ये ‘डान्स दिवाने’च्या मंचावर गुवाहाटीच्या एका लहान मुलीची ओळख करून देताना सूत्रसंचालकानं ‘मोमो’, ‘चायनीज’ असं काहीबाही बडबडत लोकांना हसवलं. आसामच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर निषेध केला, मग खुलासे झाले. ती पोरगी नाचायला आली होती आणि ओळख तिच्या डोळ्यांची करून दिली.

आमच्याकडे हेच गोड भाषेत होतं. तालुक्याच्या कार्यक्रमाला बोलावणं येतं ते गादली-सुसुन नाचाचं. कोरकू आदिवासी पोरी म्हणजे तोच नाच, डोक्याला मोरपिसं, टाळ्या, पाहुण्यांसोबत फोटो. एका वर्षी माझ्या वर्गातल्या मुलीनं भावगीत गायलं. सूर पक्का. परीक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, यांचं पारंपरिकच बसवा ना, ते शोभतं.” कोणी वाईट बोललं नाही. नंबर मात्र दुसऱ्याच गाण्याला गेला. आता यात पक्षपात कुठला आणि हसणं कुठलं, तुम्हीच वेगळं करून दाखवा.

वणीचा_कोळसा:

अमेरिकेच्या ‘सर्व्हायव्हर’ या रिॲलिटी शोमध्ये २००६ ला त्यांनी उघडउघड वंशानुसार चार गट पाडले होते: गोरे, काळे, आशियाई, लॅटिनो. लई शिव्या खाल्ल्या. पण शेवट पाहा. आधी बाहेर पडलेलेच खेळाडू मत देतात आणि एकेक चिठ्ठी सर्वांसमोर वाचली जाते. यूल क्वॉन ५ विरुद्ध ४ नं जिंकला, कोणी कोणाला दिलं ते सगळ्यांना माहीत. ब्रिटनवाल्यांनी निदान टक्का सांगितला. आपल्याकडं दिवे मंद होतात, संगीत वाजते, होस्ट एकाचा हात वर करतो आणि संपलं. आकडाच समोर नाही तर दयेची मतं किती अन् गावाची किती, हे मामाजींना कसं कळलं?

रिचार्जवाली_दर्यापूर:

वणीवाले भाऊ, आकडा आला तरी आमच्या घरचं भांडण मिटणार नाही, मी लिहून देते. पण आकडा द्याच, हे खरं.

फौजी भाऊ, तुमचं मी मामाजीले मोठ्यानं वाचून दाखवलं. शिलाँगच्या गोष्टीपाशी ते थांबले. मंग म्हणतेत, “सूरजले आपल्या गावातून मतं गेली होती का?” गेली होती. चांगली गेली होती. अन् बारामतीशी आमचं नातं काय? सिंचनाच्या अनुशेषाची गोष्ट निघाली की आम्ही पश्चिम महाराष्ट्राले शिव्याच घालतो. इथं खारपाणपट्ट्यात प्यायले गोड पाणी नाही अन् तिकडं ऊस डोलते, हे प्रत्येकाच्या तोंडी. तरी थ्रेशरवरून आलेल्या पोट्ट्यांनी सूरजले मत टाकलं. त्यायच्यातल्या एकाले मी आज विचारलं, काहून? तो म्हणे, “काकू, तो बोलताना अडखळते. मी पण मुलाखतीत अडखळलो होतो.” याले दया म्हणायचं का, ते मामाजी ठरवून राह्यले आहेत.

मास्तरीणबाई, तुमच्या गोष्टीवर मले उत्तर नाही सुचलं. मी दोन गोष्टी वेगळ्या करायले निघाली होती अन् तुमच्या परीक्षकानं दोन्ही एकाच वाक्यात बसवल्या. ती पोरगी अजून गाते का? आमच्याकडं गणपतीत गाण्याची स्पर्धा असते. परीक्षक आम्ही बायकाच असतो अन् मार्क फळ्यावर सगळ्यायसमोर लिहितो. धारणीहून परतवाड्यापर्यंत एसटी येते, तिथून पुढं तिले आणायची सोय मी करते. भावगीतच गायचं म्हणा.