मदत हवी आहे : मे महिन्यात समृद्धी महामार्गावरून नागपूर, कूलंट आणि टायर

पेट्रोल हॅचबॅक, पाच माणसं आणि सामान. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी आठवड्याला बोटभर उतरते. खाली थेंब नाही, पण रेडिएटरच्या वरच्या होजच्या (रबरी नळीच्या) क्लिपपाशी पांढरट-हिरवा थर वाळलेला दिसतो. झाकणाचं रबरही कडक झालंय. आधी क्लिप आणि झाकण बदलू, की थेट प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) करून घेऊ? हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेल्याची शंका त्या टेस्टशिवाय जाणार नाही, असं वाटतं. कूलंट-डिस्टिल्ड वॉटर ५०:५० आहे.

टायरवर २३१९, म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी ४ मिमी, पण बाजूला बारीक भेगा. चारही बदलावेच ना? दारावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराला ३६ पीएसआय लिहिलंय, थंड टायरला. उन्हाळ्यात हवा कमी ठेवा म्हणणारे भेटतात. मग टायर जास्त दबून आणखी तापणार नाही का?