माळकरी माणसाने जपानमध्ये जेवण कसे मागावे?

खानापूरकर:
माझा धाकटा भाऊ उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहे आणि पुढच्या महिन्यात तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी तो नागोयाला जाणार आहे. घरात पंढरीची वारी असल्याने त्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मांस आणि मासे टाळून पाणी, चहा व जेवण मागता येईल एवढी जपानी वाक्ये कोणी सांगू शकेल का?

टिळकवाडी, बेळगाव:
त्यांना सांगा की वाक्याची रचना आपल्यासारखीच आहे. आपण ‘पाणी द्या’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘नीरु कोडि’ म्हणतात, तसेच जपानीत ‘ओमिझु ओ कुदासाइ’. क्रियापद शेवटीच येते. चहासाठी ‘ओचा ओ कुदासाइ’. वाढप्याला बोलावताना ‘सुमिमासेन’ म्हणावे. मेनूवरील चित्रावर बोट ठेवून ‘कोरे ओ हितोत्सु ओनेगाइशिमास्’ म्हटले की ‘हे एक द्या’ असा अर्थ होतो. यातील ‘त्सु’चा उच्चार आपल्या ‘चूल’मधील ‘चू’सारखा आहे, त्यामुळे मराठी माणसाला तो अवघड जात नाही. दोन हवे असल्यास ‘फुतात्सु’. बिलासाठी ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमास्’. तेथे टीप देण्याची पद्धत नाही.

निपाणीकर:
वरील वाक्ये योग्य आहेत, परंतु माळकऱ्याची खरी अडचण ‘दाशि’ची आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. दाशि म्हणजे रस्सा आणि सूप यांच्या मुळाशी असणारे पाणी, आणि ते बहुधा ‘कात्सुओबुशि’ या वाळवलेल्या माशाच्या पातळ कापांपासून काढतात. त्यामुळे मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे) सूप किंवा उदोन (गव्हाच्या जाड शेवया) वरवर शाकाहारी दिसले तरी त्यात मासा असतो. केवळ ‘निकु’, म्हणजे मांस, नको असे सांगितल्याने मासा टळत नाही. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, म्हणजे ‘मी मांस आणि मासे खात नाही’, असे सांगून लगेच ‘दाशि मो दामे देस्’, म्हणजे ‘दाशिही चालत नाही’, हे जोडावे. ही दोन्ही वाक्ये जपानी लिपीत एका चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. गडबडीत चिठ्ठी दाखवणे अधिक सोपे जाते.

‘शोजिन र्‍योरि’ हे बौद्ध मठांतील जेवण मात्र निर्धास्तपणे घ्यावे. त्यातील दाशि कोंबु या समुद्री शेवाळापासून किंवा वाळवलेल्या शिइताके अळंबीपासून काढतात, आणि परंपरेने त्यात कांदा-लसूणही नसतो.

खानापूरकर:
आपले मनापासून आभार. दाशिचे हे आम्हांला ठाऊकच नव्हते. चिठ्ठी आज रात्रीच त्याच्याकडून लिहून घेतो.