ऊसतोड कामगारांच्या लहानग्यांसाठी बालवाडी: देणगीचा पैसा कशावर आणि कधी लावावा?

गोदाकाठ:
आमच्या न्यासाला येत्या गळीत हंगामात साखर कारखान्याच्या गाडी सेंटरवर (बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या कामगारांच्या तळावर) तीन ते सहा वर्षांच्या ३०-३५ मुलांची बालवाडी चालवायची आहे. एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) पैसे द्यायला तयार आहे, पण त्यांचं म्हणणं, पगार धरू नका, ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडते. खेळणी, दप्तरं, भिंतीची रंगरंगोटी असं काही मागा. अमेरिकेतल्या एका नातेवाइकांनाही मदत करायची आहे. १२ए, ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्याची नोंदणी) आहे, एफसीआरए (विदेशी देणगी घेण्याची नोंदणी) नाही. पैसा कशावर लावावा आणि कंपनीला काय सांगावं?

कोपीपल्याड:
गाडी सेंटर निवडलंत ते उत्तम. बैलगाडीवाले बहुधा हंगामभर एकाच तळावर असतात. ट्रॅक्टरच्या टोळ्या फड संपला की गाव बदलतात, तिथे एका जागची बालवाडी टिकत नाही.

आधी वेळ ठरवा, मग अंदाजपत्रक. कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, पहाटे चार-पाचला फडाकडे निघतात. बालवाडी दहाला उघडली तर तोवर मूल आईबरोबर फडात पोचलेलं असतं, पाचटात खेळत. म्हणून कोयते निघण्याआधीच दार उघडायला हवं आणि दुपारी आई परतेपर्यंत कुणीतरी हवं. एकटी ताई इतके तास ओढू शकत नाही.

दुसरं म्हणजे दीड-दोन वर्षांची धाकटी. त्यांना घेतलं नाहीत तर त्यांना सांभाळणारी पाच वर्षांची बहीणही येत नाही. तुमच्या पटावरच्या मुली नेमक्या इथेच गळतील. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन ते सहा वयाला २० मुलांमागे एक आणि तीनच्या आतल्यांना १० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती धरली आहे. म्हणजे तुमच्याकडे दोन ताई, धाकट्यांसाठी एक बाई आणि स्वयंपाकाला मदतनीस. त्यातली निदान एक सेंटरवरचीच असावी. मुलांची बोली तिला कळते आणि आया तिच्यावर लवकर विश्वास टाकतात.

जे सरकारचं देणं आहे त्यावर देणगी खर्चू नका. तीन ते सहा वयाच्या मुलाला अंगणवाडीतून पूरक आहार मिळायला हवा. गाव सोडून आलेल्या मुलाची नोंद पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या सरकारी नोंदणी ॲपवर) नव्या ठिकाणी घेता येते. वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणीनंतर तीन महिन्यांत ती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६ चा आदेश आहे. धाकटी धरली तर ४० सहज भरतील. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना नावं-वयांसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. देणगी लागते ती पहाटेच्या तासांना, सकाळच्या न्याहारीला आणि धाकट्यांना.

जमाखर्च:
५ टक्क्यांबद्दल कंपनीचा गैरसमज आहे आणि तो सगळीकडे आढळतो. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाच्या खर्चावर आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च नियमांच्या व्याख्येतच त्यातून वगळलेला आहे. ताईंचं मानधन हा प्रकल्पखर्च आहे. अर्जात 'पगार व प्रशासन' असं एकच शीर्षक टाकू नका. 'बालशिक्षिका मानधन' वेगळं आणि न्यासाच्या कार्यालयाचा खर्च वेगळा दाखवा.

खरी अडचण तारखांची आहे. हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. बैठका लांबून पैसे जानेवारीत आले तर निम्मा हंगाम गेलेला असतो, आणि मग मार्चअखेर घाईने दप्तरं वाटली जातात. प्रस्ताव मे-जूनमध्ये द्या, करार सप्टेंबरपर्यंत करा, पहिला हप्ता दसऱ्याआधी आगाऊ मागा. 'आधी खर्च करा, मग देऊ' ही अट मान्य करू नका. दोन महिने मानधन थकलं की ताई काम सोडते.

प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्या. पहिलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालू शकतो. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत कंपनीने वेगळ्या खात्यात टाकायची असते, त्यामुळे हंगाम एप्रिलपर्यंत लांबला तरी पैसा बुडत नाही. नुसती तुमच्या खात्यात रक्कम आली म्हणजे कंपनीचा खर्च झाला असं धरत नाहीत, तो प्रत्यक्ष व्हावा लागतो. हिशोब दरमहा पाठवा.

कारखाना सहकारी असेल तर त्याला सीएसआर बंधनकारक करणारं कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू नाही, कारण तो कंपनीच नाही. त्याच्याकडे जागा, पाणी आणि वीज मागा. खासगी कंपनी असेल तर त्या कलमाचे निकष पाहून सीएसआरही मागता येईल.

गोदाकाठ:
खूप आभार. कंपनीला खेळणी द्यायचीच असतील तर?

कोपीपल्याड:
तर त्यांना पत्र्याची शेड, सतरंज्या, झाकणाची पाण्याची टाकी, मुलांच्या उंचीचं शौचालय आणि गाड्यांच्या वाटेकडून भक्कम कुंपण सांगा. गाड्या-ट्रॅक्टरांची वर्दळ असलेल्या तळावर कुंपण आधी, भिंतीवरचं चित्र नंतर. बंद खोक्यातली महागडी खेळणी मोडतील म्हणून कपाटात जातात. चिंचोके, माती, खडू, दोरी, कापडाचे तुकडे भरपूर ठेवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला अशाच आसपासच्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. वाचलेल्या पैशातून ताईंचं हंगामापूर्वी प्रशिक्षण करा.

जमाखर्च:
नातेवाइकांचं राहिलं. त्यांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असतील तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत नोंदीला लावून ठेवा. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारं कार्ड) असलं तरी, ती विदेशी देणगीच. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या खात्यातून आलेल्या पैशालाही हेच लागू. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत वळवून घेणं २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद आहे. त्या संस्थेला स्वतःच ताई नेमून काम चालवायचं असेल तर मात्र ती थेट घेऊ शकते.